सुवार्ता सांगताना आपला क्रम कुठे चुकतो: प्रेषितांच्या कृत्यांमधून शिकायचे टप्पे

मंडळीत (चर्चमध्ये) सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, सांगण्याचं ट्रेनिंग झालं की पुढच्या आठवड्यात चार-पाच जण उत्साहाने ऑफिसातल्या नाहीतर शेजारच्या कुणाशी तरी बोलतात, आणि पंधरा दिवसांनी तेच लोक येऊन सांगतात की काही झालं नाही, तो माणूस आता आम्हाला पाहिलं की रस्ता बदलतो. मग कुणी म्हणतं त्याचं मन कठीण आहे, कुणी म्हणतं आपली प्रार्थना कमी पडली. मला वाटतं बहुतेक वेळा गडबड क्रमाची असते. जे शेवटी बोलायचं ते आपण पहिल्या पाच मिनिटांत बोलून टाकतो, जे आधी विचारायचं ते विचारतच नाही, आणि त्या माणसाने खरंच विश्वास ठेवला तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी काय करायचं याची तयारी आपल्याकडे नसतेच. मी स्वतः हे सगळं चुकीचं केलंय, कल्याणपर्यंतच्या लोकल प्रवासात एका सहकाऱ्याला पाऊण तास समजावत होतो आणि त्याच्या आईचं आठ दिवसांपूर्वी ऑपरेशन झालंय हे मला त्याने उतरताना सांगितलं, कारण मी विचारलंच नव्हतं.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळून पुढे गेलात तर पुढचं काम कच्चं राहतं.

## १. आधी वही घेऊन बसा

बायबलच्या नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचे २, ८, ९, १०, १६, १७, २२ आणि २६ हे अध्याय एका आठवड्यात वाचून काढा. भक्तीसाठी वाचतो तसे नको, तपासणीसाठी वाचा. वहीत प्रत्येक घटनेसाठी पाच रकाने करा: हा माणूस आधीपासून काय मानत होता, त्याची गाठ कुणी किंवा कशाने पडली, पहिला प्रश्न कुणी विचारला, बोलणं कुठून सुरू झालं, आणि विश्वास ठेवल्यानंतर लगेच काय झालं.

तिसरा रकाना नीट भरा, कारण सगळ्यात जास्त शिकायला तिथे मिळतं. पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टच्या सणाला) यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र उभा राहिला तो गर्दीने 'हे काय चाललंय' असं विचारल्यावर. दिमिष्काच्या वाटेवर शौल, म्हणजे पुढचा पौल, तोच विचारतो, प्रभो तू कोण आहेस. कर्नेल्य या यहुदी नसलेल्या रोमन अधिकाऱ्याच्या घरी पेत्र आत गेल्या गेल्या विचारतो, मला कशासाठी बोलावलंत. फिलिप्पैच्या तुरुंगात प्रश्न तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा आहे. अथेनैमध्ये पौल बाजारात रोज बोलत होता खरं, पण अरीयपग या सभेपुढचं ते मोठं भाषण झालं ते तिथल्या लोकांनी त्याला नेऊन, ही तुझी नवी शिकवण काय आहे ते सांग, असं म्हटल्यावर. म्हणजे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी लांब बोलणं एखाद्या प्रश्नानंतर येतं, आणि आपण मात्र कुणीही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन दारात उभे असतो.

तपासा: पाचही रकाने भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोळाव्या अध्यायातल्या लुदिया या बाईच्या घटनेत तिसरा रकाना रिकामा राहील, तिथे प्रश्नाचा उल्लेख नाही. तो रिकामाच ठेवा, जबरदस्तीने भरू नका.

## २. स्वतःच्या मनातला अडथळा शोधा

दहाव्या अध्यायात कर्नेल्य तयार होता, तयार नव्हता तो पेत्र. यापोच्या गच्चीवर त्याला दृष्टान्तात, अशुद्ध मानलेल्या प्राण्यांची ती चादर तीनदा दाखवावी लागली. नवव्या अध्यायात शौलाकडे जायला सांगितलेला दिमिष्काचा शिष्य हनन्याही आधी हरकत घेतो, हा माणूस किती वाईट आहे ते मी ऐकलंय म्हणतो. ऐकणाऱ्याच्या मनाची प्रार्थना आपण भरपूर करतो, सांगणाऱ्याच्या मनाची करत नाही.

आपल्याकडे हा मुद्दा फार जवळचा आहे. पेत्रावर नंतर यरुशलेमेत आरोप काय आला ते अकराव्या अध्यायात बघा, तू परक्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास. कुणाच्या घरचं पाणी प्यायचं आणि कुणाच्या घरचं नाही, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायला नको, आणि ख्रिस्ती घरांतूनही ते अजून पूर्ण गेलेलं नाही हे आपण प्रामाणिकपणे मान्य करूया. ज्याच्याशी बोलायचं ठरवलंय त्याचं आडनाव कळल्यावर तुमच्या मनात आधी काय येतं ते स्वतःशी लिहा. तो तुमच्यापेक्षा 'वरचा' असेल तर तुम्ही दबकता का, 'खालचा' वाटत असेल तर उपकार करतोय असं वाटतं का? यातलं काहीही असेल तर आधी त्यावर प्रार्थना, बोलणं नंतर.

तपासा: त्या माणसाच्या घरी जाऊन ताटाला ताट लावून जेवायला तुम्ही तयार आहात का? नसाल तर अजून दुसऱ्याच टप्प्यावर आहात.

## ३. तुमची साक्ष तीन मिनिटांत बसवा

या टप्प्याला पूर्ण एक आठवडा द्या.

पौलाच्या बदलाची गोष्ट या पुस्तकात तीनदा येते. नवव्या अध्यायात पुस्तकाचा लेखक लूक सांगतो, बाविसाव्या आणि सव्विसाव्या अध्यायात पौल स्वतः सांगतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. बाविसाव्यात समोर यरुशलेमेतला संतापलेला यहुदी जमाव आहे, म्हणून पौल त्यांच्या इब्री भाषेत बोलतो, गमलियेलाच्या पायाशी शिकलो हे सांगतो, आणि हनन्याची ओळख करून देताना तो नियमशास्त्राप्रमाणे चालणारा, सगळ्या यहुद्यांत नाव असलेला माणूस होता असं आवर्जून म्हणतो. सव्विसाव्यात समोर अग्रिप्पा राजा आणि रोमन सुभेदार फेस्त. तिथे हनन्याचं नावच नाही. त्याऐवजी पराणीवर लाथ मारण्याची ती ओळ येते, जी बैल हाकणाऱ्या कुणालाही लगेच कळेल: टोचणी लागते म्हणून बैल लाथ मारतो आणि आणखीच जखमी होतो. घटना तीच, एकही गोष्ट बदललेली नाही, फक्त ऐकणाऱ्याला काय कळेल याचा विचार करून काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते पौलाने ठरवलंय.

दुसरी गोष्ट वेळेच्या वाटणीची. सव्विसाव्यात आधीचं आयुष्य, वाटेवरची भेट आणि नंतरचं काम, तिन्हीला जागा मिळालीय. आपल्या साक्षीत काय होतं, दहा मिनिटं दारू, भांडणं, कर्ज, आजारपण, आणि शेवटी एक मिनिट 'मग मी प्रभूला स्वीकारलं'. ऐकणाऱ्याच्या डोक्यात दारूच राहते.

असं करा. एका पानावर तीन परिच्छेद लिहा, आधी मी कसा होतो, काय घडलं, त्यानंतर काय बदललं आणि काय अजून बदललेलं नाही. शेवटचा भाग लोक गाळतात पण त्यानेच विश्वास बसतो. मग लाल पेन घेऊन मंडळीची भाषा खोडा. तारण झालं, रक्ताने धुतला गेलो, बंधन तुटलं, अभिषेक झाला, ओझं उतरलं. हे शब्द चुकीचे नाहीत, पण शेजारच्या काकूंना त्यातलं काही कळत नाही आणि त्या विचारायला लाजतात. प्रत्येक शब्दाच्या जागी घडलं काय ते लिहा. 'मला क्षमा मिळाली' ऐवजी 'ज्या भावाशी सहा वर्षं बोलत नव्हतो त्याला मी फोन केला' असं काही घडलं असेल तर ते लिहा.

सावधान: फुगवून सांगू नका. बरं झालं नाही ते झालं म्हणू नका, डॉक्टरचं औषध चालू होतं तर ते चालू होतं असं सांगा. एक खोटी ओळ पकडली गेली की उरलेलं सगळं खोटं ठरतं, आणि मग त्या गल्लीत तुमच्यानंतर जाणाऱ्यालाही कुणी ऐकत नाही.

तपासा: मंडळीबाहेरच्या एका ओळखीच्या माणसाला वाचून दाखवा आणि फक्त एवढंच विचारा, कुठला शब्द कळला नाही?

## ४. कुणाशी बोलायचं ते ठरवा

पाच नावं लिहा. अनोळखी नकोत, ज्यांचा नंबर तुमच्याकडे आहे अशी. कर्नेल्याने पेत्र येणार म्हणून कुणाला जमवलं होतं, नातेवाईक आणि जवळचे मित्र. नावं लिहिल्यावर दोन आठवडे फक्त प्रार्थना करायची आणि लक्ष ठेवायचं, की यांच्यापैकी कोण आधीच काहीतरी शोधतोय. लुदिया नदीकाठी प्रार्थनेच्या जागी आलेलीच होती, आठव्या अध्यायातला कूशी अधिकारी यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतच होता, कर्नेल्य दानधर्म आणि प्रार्थना करतच होता. देवाने काम आधी सुरू केलेलं असतं, आपल्याला ते ओळखायचं असतं.

इथली मोठी चूक म्हणजे दुसऱ्याची अडचण दिसली की ती संधी समजणं. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी तलवार उपसून स्वतःला मारायला निघाला होता, तेव्हा पौल पहिलं वाक्य काय म्हणाला ते बघा: स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथंच आहोत. त्यात उपदेशाचा एक शब्द नाही. आधी माणूस वाचवला, तारणाचा प्रश्न नंतर त्यानेच विचारला. हॉस्पिटलमध्ये कुणी असेल तर डबा घेऊन जा, रात्री थांबायला माणूस हवा असेल तर थांबा, आणि त्याने विचारलं नाही तर घरी या. डबा म्हणजे आमिष नव्हे, आणि पुढे बोलणं झालं नाही तरी डबा चालू राहिला पाहिजे.

## ५. विचारा आणि ऐका

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून आठव्या अध्यायातली फिलिप्प या सुवार्तिकाची घटना हळूहळू बघूया.

यरुशलेमेहून गज्जाकडे जाणारी वाट. रथात कूश देशाच्या राणीचा खजिनदार, मोठा माणूस. फिलिप्प धावत रथापर्यंत जातो, आणि धावत असताना त्याला ऐकू येतं की हा यशया वाचतोय. त्याकाळी लोक मोठ्याने वाचायचे म्हणून ऐकू आलं. म्हणजे पहिलं काम ऐकण्याचं झालं. मग एक छोटा प्रश्न, आपण वाचता ते आपल्याला कळतं का. तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं कळणार. आणि तो फिलिप्पाला वर येऊन बसायची विनंती करतो, फिलिप्प आपणहून चढत नाही. मग तो आपली खरी अडचण सांगतो, संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतोय की दुसऱ्या कुणाविषयी? एवढं सगळं झाल्यावर फिलिप्प तोंड उघडतो, आणि सुरुवात करतो ती त्याच्या हातातल्या त्याच उताऱ्यापासून.

ऐकणं, प्रश्न, उत्तर, आमंत्रण, त्याची शंका, आणि मग सुवार्ता. आपण सहावी पायरी पहिली घेतो.

आपल्या मातीतलं एक उदाहरण याच्याशी फार जुळतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला, बोलणं झालं, त्याने नवा करार वाचायला दिला. तो पुन्हा त्यांच्या मागे लागला नाही. टिळक स्वतः वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुस्तक हातात दिलं, पण वाचायला वेळही दिला.

प्रत्यक्षात काय विचारायचं? पाठ करायची गरज नाही, पण असे काही प्रश्न जवळ असू द्या:

- तुमच्या घरी देवाचं काय काय करतात, लहानपणापासून तुम्ही काय पाहिलंत?
- प्रार्थना करता तेव्हा काय मागता?
- येशूबद्दल कधी काही ऐकलंय का, कुठे ऐकलं? (शाळेत, हॉस्पिटलात, सिनेमात, काहीही उत्तर आलं तरी ते महत्त्वाचं)
- यातलं कुठलं पटतं, कुठलं पटत नाही?

विचारल्यावर गप्प बसा. उत्तराच्या मध्ये 'हो पण बायबल काय म्हणतं' असं घुसू नका. पहिल्या भेटीत तुमचं बोलणं एकूण वेळेच्या चौथ्या भागापेक्षा जास्त झालं तर ती भेट फसली असं समजा, पुढच्या वेळी सुधारा.

सावधान: व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी वचनाचं चित्र पाठवणं हे विचारणंही नाही आणि ऐकणंही नाही. ज्याने मागितलं नाही त्याला पाठवू नका, तुमचा नंबर म्यूट होतो आणि कळतही नाही.

तपासा: घरी आल्यावर त्या माणसाबद्दल तीन नव्या गोष्टी लिहून दाखवा. लिहिता आल्या नाहीत तर तुम्ही ऐकलं नाही.

## ६. तो उभा आहे तिथून सुरुवात करा

पौलाची तीन ठिकाणची सुरुवात बघा. पिसिदियातल्या अंत्युखियात सभास्थान आहे, लोकांना शास्त्र माहीत आहे, म्हणून तो इस्राएलाच्या इतिहासापासून सुरू करतो. अथेनैमध्ये शास्त्र कुणाला माहीत नाही, म्हणून 'अज्ञात देवाला' असं लिहिलेली वेदी आणि त्यांच्याच एका कवीची ओळ घेतो. लुस्त्रात खेड्यातली माणसं आहेत, तिथे पाऊस, पीकपाणी, अन्न आणि मनाचा आनंद यांच्याबद्दल बोलतो.

लुस्त्राची घटना मात्र सावधपणे वाचा, कारण तिथे आधी गडबड झाली. लंगडा माणूस चालायला लागल्यावर लोक त्यांच्या लुकवनी भाषेत ओरडू लागले की देव माणसाच्या रूपात उतरलेत, पौलाचा सोबती बर्णबा याला झ्यूस म्हणाले आणि पौलाला हर्मेस, आणि बैल आणि हार घेऊन पुजारी वेशीपाशी आला. काय चाललंय ते या दोघांच्या लक्षात आलं तोवर यज्ञाची तयारी झाली होती. मला यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, माणसाची घरची भाषा. अहिराणी बोलणाऱ्या आजींशी छापील मराठीत बोललात तर त्या मान हलवतील आणि त्यांना काहीच पोहोचणार नाही, घरात ती भाषा बोलणारं कुणी असेल त्याला बरोबर घ्या. दुसरी, तुम्ही सांगितलं ते त्याने कुठे नेऊन बसवलं हे विचारून घ्या. पुष्कळ घरांत येशूचा फोटो देवघरात आणखी एक म्हणून ठेवला जातो आणि आपण समजतो काम झालं. रागावू नका, पण 'तुम्हाला येशू कोण वाटतो' हा प्रश्न पुढच्या भेटीत विचाराच.

पुलाची वाट आपल्याकडे तयार आहे. टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, कीर्तनाचा रस्ता धरला. वारकरी घरातल्या माणसाशी अभंगातून बोललात तर त्याला परक्या देशातलं काही वाटत नाही.

सावधान: त्याच्या देवांची टिंगल करायची नाही, मूर्तीवर विनोद नाही, सणावर टोमणे नाहीत. इफिसात पौल दोन-अडीच वर्षं होता, मूर्ती हाताने केलेल्या आहेत हे तो बोलत होता, तरी दंगलीच्या दिवशी तिथल्या शहराच्या चिटणिसाने सगळ्यांसमोर सांगितलं की या माणसांनी देऊळ लुटलेलं नाही आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. तुमच्याबद्दल तुमच्या सोसायटीचा सेक्रेटरी हे म्हणू शकेल का?

## ७. येशूपर्यंत पोहोचा

आधीचे टप्पे मनापासून केले की काही जण उलट चूक करतात, ऐकतच राहतात, चहा होतो, मैत्री होते, आणि वर्ष झालं तरी येशूचं नाव येत नाही. फिलिप्प त्या उताऱ्यापासून सुरुवात करून येशूपर्यंत गेला, उताऱ्यावर थांबला नाही.

काय सांगायचं ते थोडं आहे. येशू कोण, त्याने काय केलं, तो वधस्तंभावर का मेला, देवाने त्याला तिसऱ्या दिवशी उठवलं, आणि म्हणून आता पश्चात्ताप आणि विश्वास. कर्नेल्याच्या घरचं पेत्राचं बोलणं वाचा, हे सगळं दहा-बारा वचनांत बसलंय. पुनरुत्थान गाळू नका. अथेनैत लोक हसले ते नेमके तिथेच, तरी पौलाने ते गाळलं नाही.

आणि त्याच्या जागी दुसरं काही विकू नका. येशूकडे या म्हणजे नोकरी लागेल, मूल होईल, कोर्टकेस सुटेल, असं प्रेषितांनी कुणाला सांगितलेलं मला सापडलं नाही. उलट हनन्याकडे शौलासाठी निरोप होता तो याला किती सोसावं लागेल याचा.

## ८. थांबा, आणि उत्तर स्वीकारा

अथेनैत तीन प्रकारची उत्तरं आली. काही हसले, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि दियनुस्य, दामारी आणि आणखी थोड्यांनी विश्वास ठेवला. तुमच्याकडेही हीच तीन येतील.

हसला तर वाद घालू नका, नातं ठेवा. पुन्हा ऐकू म्हणाला तर तारीख त्याला ठरवू द्या. यात, पौलाला कैदेत ठेवणाऱ्या रोमन सुभेदार फेलिक्ससारखा माणूसही भेटेल, जो सवड झाली की बोलावतो म्हणतो, वारंवार बोलावतोही, पण मनात पैशाची अपेक्षा असते. दोन वर्षं असंच चाललं. पौल जात राहिला, पैसे दिले नाहीत.

आणि वेळ लागतो. पुढे मोठा ख्रिस्ती लेखक झालेला ऑगस्टीन मिलानला आला तेव्हा बिशप अँब्रोजने त्याचं वडिलांसारखं स्वागत केलं, आणि ऑगस्टीनने स्वतः लिहून ठेवलंय की त्याला तो माणूस आधी आवडला तो शिकवणीमुळे नाही, त्याच्या मायेमुळे. मग प्रवचनं ऐकणं, मित्रांनी सांगितलेल्या दुसऱ्यांच्या गोष्टी, आणि ३८६ साली बागेत बसून रोमकरांसचं ते वचन वाचणं. बाप्तिस्मा ३८७ च्या ईस्टरला. त्याच्या आईने त्याआधी किती वर्षं रडून प्रार्थना केली होती ते वेगळंच.

सावधान, हे दोनदा वाचा: संविधानाचं कलम २५ धर्म मानण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच स्पष्ट केलंय की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. काही राज्यांत यावर वेगळे कायदे आहेत, तुम्ही राहता तिथला कायदा एखाद्या वकिलाकडून समजून घ्या. कायदा नसता तरी शास्त्र पुरेसं आहे. पेत्र देवळाच्या दाराशी म्हणतो सोनं-चांदी माझ्याजवळ नाही, आणि शोमरोनातला जादूगार शिमोन देवाचं दान विकत घ्यायला पैसे पुढे करतो तेव्हा त्याला फटकारतो. पैसा, धान्य, फी, नोकरीचं आश्वासन, धमकी, शापाची भीती, यातलं काहीही सुवार्तेला चिकटता कामा नये. अठरा वर्षांखालच्या मुलांशी आईवडिलांच्या नकळत बोलायचं नाही.

## ९. बाप्तिस्म्याची घाई आणि घराणं

'तुझं आणि तुझ्या घराण्याचं तारण होईल' हे फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याला सांगितलेलं वचन आपण भिंतीवर लावतो पण पुढचं वाचत नाही. पुढे लिहिलंय की पौल आणि त्याचा सोबती सीला यांनी त्याला आणि घरातल्या सगळ्यांना प्रभूचं वचन सांगितलं, मग त्याने त्यांच्या जखमा धुतल्या, मग सगळ्यांचा बाप्तिस्मा, मग एकत्र जेवण. घरातल्या प्रत्येकाने ऐकलं. एकाने ठरवलं आणि बाकीचे आपोआप आले असं झालेलं नाही.

नवऱ्याने विश्वास ठेवला तर बायकोवर दबाव आणू नका, बायकोने ठेवला तर तिला घर सोडायला लावू नका. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपला निर्णय आपल्या वेळेने घेतला, आणि तो किती पक्का होता ते मराठी वाचणाऱ्याला सांगायला नको.

लवकर बाप्तिस्मा द्यावा की शिकवून द्यावा यावर मंडळ्यांत मतं वेगळी आहेत, तुमच्या पाळकांशी बोला. मी शिकवून द्यावा या बाजूचा आहे, कारण कूशी अधिकाऱ्याला यशया माहीत होता, कर्नेल्य आधीपासून देवाची उपासना करणारा होता, आणि आपल्याकडे पुष्कळांची सुरुवात शून्यापासून असते. शिमोनाने विश्वास ठेवला, बाप्तिस्माही घेतला, तरी देवाचं दान पैशाने मिळतं असंच त्याला वाटत राहिलं.

सावधान: फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. त्या माणसाचं गाव, नोकरी, सासर यावर काय येईल ते तुम्हाला माहीत नसतं. आकडे मोजून वर कळवायची सवय असेल तर ती सोडा.

## १०. नंतरचे सहा आठवडे

वहीतला पाचवा रकाना आता काढा. हनन्या ज्याला घाबरत होता त्याला हात लावून पहिला शब्द म्हणतो, भाऊ. नंतर यरुशलेमेत सगळे शौलाला टाळत असताना बर्णबा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेतो. अपुल्लो या उपदेशकाचं शिकवणं अपुरं आहे हे लक्षात आल्यावर प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपं त्याला चारचौघांत दुरुस्त करत नाहीत, घरी नेऊन नीट समजावतात. ही तिन्ही कामं पाळकांची नव्हती, साध्या विश्वासणाऱ्यांची होती.

पहिल्या आठवड्यात दोनदा भेटा, एकदा तुमच्या घरी जेवायला. दुसऱ्यापासून मार्क एकत्र वाचायला घ्या, दर भेटीत एक अध्याय, आणि प्रश्न त्याने विचारायचे. तिसऱ्या आठवड्यात मंडळीतल्या आणखी दोघांशी ओळख करून द्या, त्याच्या वयाच्या, त्याच्या भाषेच्या, कारण तो फक्त तुमच्यावर टेकून राहिला तर तुमची बदली झाली की पडेल. चौथ्या-पाचव्यात घरच्यांचा विरोध सुरू होण्याची शक्यता धरा, तेव्हा आईवडिलांचा मान सोडायचा नाही हे त्याला स्पष्ट सांगा, सणाला घरी जायचं, कामाला हात लावायचा, आणि कुठल्या गोष्टीत भाग घेता येणार नाही ते भांडण न करता बोलायचं. सहाव्या आठवड्यात त्याला त्याची साक्ष तीन परिच्छेदांत लिहायला बसवा, तिसऱ्या टप्प्यात सांगितली तशी.

तो दुसऱ्या शहरात जाणार असेल, पुण्याला शिकायला, दुबईला नोकरीला, तर तिथली मंडळी निघण्याच्या आधी शोधा. नुसता पत्ता पाठवून थांबू नका, तिथल्या एका माणसाशी आधी तुम्ही बोला, मग तिघांचा एकत्र फोन लावा, ओळख करून द्या, आणि पहिल्या रविवारी स्टेशनवर घ्यायला कोण येणार ते नावानिशी ठरवून मगच फोन ठेवा.